साधी फाइल

माझी नणंद पन्नाशी ओलांडली तरी घरात अजून बेबीच आहे. ऑफिसात तिला मास्तरीणबाई म्हणतात, कारण कुणाच्या पत्रात स्वल्पविराम चुकीच्या जागी दिसला तर ती ते पत्र दुरुस्त करून परत पाठवते. एकोणीस वर्षं ती एकाच कंपनीत एकच काम करते आहे. त्या कंपनीचा प्रोग्रॅमिंगचा एक संच आहे. संच म्हणजे तयार सुटे भाग, असं मला एकदा समजावलं होतं. लोक ते जोडून आपापले प्रोग्रॅम बांधतात. कुठला भाग काय करतो, त्याला काय द्यायचं, तो काय परत देतो, बिघडला तर कशी कुरकुर करतो, हे सगळं बेबी लिहिते. चार हजारांवर पानं आहेत. कुठले कुठले लोक ती नेटवर उघडतात, हवं ते घेतात आणि कुणी लिहिलं याचा विचारही न करता बंद करतात.

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मला यातलं काही कळायचं कारण नाही. पण आमच्या घरात ती पानं रोज मोठ्यानं वाचली जायची, त्यामुळे अर्धीअधिक कानावर पडून पडून माझ्या तोंडात बसली.

वाचायचा तो कॉम्प्युटर. ऐकायचे ते आमचे हे, म्हणजे बेबीचा थोरला भाऊ. यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार तिशीतच सुरू झाला होता. आधी कडा गेल्या, मग नजर एखाद्या नळीतून पाहावं तशी झाली, आणि नऊ वर्षांपूर्वी ती नळीही बुजली. प्रोग्रॅमरची नोकरी त्याआधीच सोडली होती. "ठेचकाळत ऑफिसात फिरण्यापेक्षा घरच्या घरी धडपडीन," म्हणाले आणि मागच्या खोलीत टेबल मांडलं. पुढे दोन ठिकाणचं काम घरून करायचे. एक मोठी कंपनी होती, गोदामांत माल तोलायचे काटे बनवणारी. त्या काट्यांमागचा प्रोग्रॅम यांच्या हातचा. दुसरं काम किरकोळ. सगळं पत्रांवर आणि फोनवर चालायचं. यांना दिसत नाही हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

"तुम्ही लपवता," मी एकदा म्हटलं होतं.

"लपवत नाही. कुणी विचारलं नाही. त्यांना काटा बरोबर तोललेला हवा, तो तोलतोय. माझे डोळे त्यात कुठे येतात?"

यांचा कॉम्प्युटर इतक्या वेगानं वाचायचा की नव्या माणसाला ती भाषा वाटायचीच नाही, शेजारी कुणी शिवणयंत्र चालवतंय असं वाटायचं. हे मात्र त्यातून नेमका शब्द उचलायचे. बेबीची पानं यांना सगळ्यात सोयीची, कारण ती साध्या मजकुरात लिहिलेली होती. फाइल उघडली की नुसती अक्षरं. मथळ्यापुढे एक खूण, कोडपुढे, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळींपुढे, एक खूण, बस्स. त्यावरूनच नेटवरचं पान तयार व्हायचं. कॉम्प्युटरला मथळा कुठला आणि कोड कुठला ते लगेच समजायचं, आणि हे एका कळीसरशी पाहिजे तिथे उडी मारायचे. कधी कधी एखादं वाक्य ऐकून हसायचे. "हे बेबीनं चिडून लिहिलंय," म्हणायचे. "कुणीतरी तेच तेच विचारून तिचं डोकं खाल्लेलं दिसतंय."

मग बेबीच्या कंपनीत नवा प्रमुख आला. माणूस सतत हसतमुख, म्हणून ऑफिसात त्याचं नाव हसरा पडलं. हसऱ्याचं म्हणणं असं की आपली पानं जुनाट दिसतात. सगळी पानं नव्यानं करायची, तर आधी ती कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवायची ते ठरवू. त्यासाठी पाच जणांची समिती नेमली. त्यात बेबी होती.

दोनच पर्याय उरले होते. एक, आहे तो साधा मजकूर. दुसरा, बाहेरच्या एका कंपनीचं नवं साधन. त्यात पान छापील मासिकासारखं दोन रकान्यांत दिसायचं, कोड रंगीत चौकटीत झळकायचं, आणि सगळं एका बंद फाइलमध्ये जायचं, जी त्या साधनाशिवाय उघडत नाही.

"दिसायला सुरेख आहे ग वहिनी," बेबी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सांगत होती. "मी नाही म्हणत नाही. पण त्यात कोड अक्षरं म्हणून राहतच नाही. त्याचं चित्र होतं. फोटो. दादाच्या कॉम्प्युटरनं काय वाचायचं? कप्पाळ?"

"मग सांग ना त्यांना."

"तीन बैठका सांगतेय. ते मान डोलावतात. हसरा म्हणतो, मुद्दा महत्त्वाचा आहे, नोंद करून घेऊ. नोंद केली की संपलं." तिनं यांच्याकडे पाहिलं. मग सवयीनं आवाज मऊ केला. "दादा, तू येशील एकदा? समोर दाखवशील? दोन पानं, एक जुनं, एक नवं. ऐकलं की त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल."

हे जेवता जेवता थांबले. "मी काय नमुना आहे का टेबलावर मांडायला?"

"नमुना कसला? वापरणारा आहेस. रोज वापरणारा."

"तिथे पंचवीस जणं असतील. त्यांतला एक जण काटेवाल्यांना ओळखत असेल."

"पाचच जणं. बंद खोलीत. बाहेर जाणार नाही, शब्द देते."

यांनी पानातला भात संपवला. मग म्हणाले, "तुझी पानं आहेत म्हणून येतो. एरवी आलो नसतो."

ठरलेल्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घेतली आणि यांना घेऊन गेले. सहावा मजला. काचेची खोली, लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, आणि थंडी इतकी की मी पदर आवळून बसले. हसऱ्यानं पुढे येऊन यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही आलात हीच आमच्यासाठी केवढी मोठी गोष्ट," म्हणाला. एक दाढीवाला चित्रकार होता, पानं सजवणारा. दोन प्रोग्रॅमर होते. बेबी यांच्या बाजूला बसली, मी भिंतीशी.

यांनी आधी जुनं पान लावलं, आवाज मुद्दाम हळू करून. कॉम्प्युटर वाचू लागला. मथळा. उपमथळा. भागाचं नाव, त्याला द्यायच्या तीन गोष्टी, उदाहरण, मग कोड, कंसासकट. यांची बोटं चालत होती. दोन मिनिटांत यांनी ते उदाहरण उचलून स्वतःच्या फाइलमध्ये घातलं, एक शब्द बदलला आणि प्रोग्रॅम चालवून दाखवला.

"वा," एक प्रोग्रॅमर म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मग नवं पान. पहिलं वाक्य डाव्या रकान्यातलं अर्धं आणि उजव्या रकान्यातलं अर्धं असं मिळून आलं. कशाचा कशाला पत्ता नव्हता. पुढे आवाज म्हणाला, "चित्र." यांनी कळ दाबली. "चित्र." पुन्हा दाबली. "चित्र." यांनी काही भाष्य केलं नाही. सात वेळा दाबली आणि हात मांडीवर ठेवले.

चित्रकारानं मान खाली घातली. मला वाटलं, जिंकलो.

दोघे प्रोग्रॅमर यांच्याभोवती येऊन कौतुक करू लागले, तेवढ्यात हसऱ्यानं खिशातून फोन काढला. यांच्याकडे बोट करून बेबीला खुणेनंच विचारलं, घेऊ का? मग तिला माझ्या बाजूला भिंतीशी घेऊन कुजबुजला, म्हणून मला ऐकू आलं. "वरच्यांना दाखवायला. शंभर शब्दांचं काम एक फोटो करतो. निर्णय आपल्या बाजूला झुकेल."

बेबीनं यांच्याकडे पाहिलं. हे समोर तोंड करून बसले होते, चेहऱ्यावर काम नीट झाल्यावर येतो तो निवांतपणा. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. होही नाही, नाहीही नाही. तिनं मान हलवली, घ्या.

हसऱ्यानं तीन फोटो काढले. त्याच्या फोनचा आवाज बंद होता.

घरी जाताना हे खुशीत होते. "पोरं वाईट नाहीत," म्हणाले. "ऐकत होती." मी यांचा हात धरून जिना उतरत होते. सांगायला सहा मजले होते, मग रस्ता होता, मग घर होतं. मी भाजी काय करू ते विचारलं.

बारा दिवसांनी निर्णय आला. तीन विरुद्ध दोन, नवं साधन. बेबीनं फोनवरच सांगितलं. "हसरा म्हणाला, तुझ्या भावानं आमचे डोळे उघडले. त्याची सोय पुढच्या टप्प्यात नक्की करू. टप्पा कुठला ते कागदावर नाही." ती रडत नव्हती. तिला राग आला की ती फार सावकाश बोलते. "आणि वहिनी, ती चार हजार पानं नव्या साच्यात मीच ओतायची आहेत. मलाच दिलंय."

फोटोबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

फोटो महिन्याभरानं बाहेर पडला. कंपनीनं नव्या पानांची घोषणा केली, आणि घोषणेच्या माथ्यावर आमचे हे. समोर की-बोर्ड, डोळे कुठेच न लागलेले, ओठांवर किंचित हसू. खाली लिहिलेलं, 'प्रत्येकासाठी.' आत दोन ओळी होत्या, की दृष्टी गमावलेला एक अनुभवी प्रोग्रॅमर आमच्याबरोबर बसला आणि त्यानं आम्हाला वाट दाखवली. नाव दिलं नव्हतं. पण यांचा चेहरा काटेवाल्यांच्या एका माणसाला ठाऊक होता. जुन्या नोकरीत, यांची नजर अजून धड असताना, तो यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्यानं घोषणा पाहिली आणि साहेबांना दाखवली. वाईट हेतूनं नव्हे. "बघा, आपला माणूस," असं म्हणून.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. हे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात.

"अहो, तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"तुमच्या... तब्येतीबद्दल. फोटो पाहिला. फार कौतुक वाटलं, खरंच."

यांची बोटं कळांवरून उठली. मग म्हणाले, "कुठला फोटो?"

साहेबांनी सांगितला. अगदी प्रेमानं सांगितला, की-बोर्ड, हसू, सगळं. पुढे म्हणाले की सहा वर्षांत एकही तक्रार नाही हे ते मान्य करतात. पण काटे म्हणजे जोखमीचं काम. उद्या काही झालं आणि कुणी विचारलं की हे कोण तपासत होतं, तर? करार या महिन्याअखेर संपतोच आहे. तो पुढे न नेलेला बरा. तुमच्यावरही ताण नको.

"सहा वर्षांत काटा चुकला का?" यांनी विचारलं.

"नाही नाही. प्रश्न तो नाही."

"मग कुठला आहे?"

साहेब काळजी घ्या म्हणाले.

फोन ठेवल्यावर हे खुर्ची वळवून माझ्या बाजूला तोंड करून बसले. मी दाराशी उभी आहे हे यांना माझ्या श्वासावरूनही कळतं.

"फोटो कधी काढला?"

"तिथेच. त्या खोलीत."

"बेबीला माहीत होतं?"

"तिला विचारलं. तिनं हो म्हटलं."

"आणि तू?"

"मी पाहत होते."

यांनी मान हलवली, दुकानात गिऱ्हाईक औषधाची वेळ ऐकून हलवतं तशी. मग पाणी मागितलं. मी आणून दिलं. "थँक्यू," म्हणाले. सत्तावीस वर्षांत मला हे पहिल्यांदा थँक्यू म्हणाले.

बेबी त्याच संध्याकाळी धावत आली. चपला न काढता यांच्या खोलीत गेली. "दादा, मला वाटलं तो फक्त वर दाखवणार. मला वाटलं त्यानं पारडं फिरेल. मी उद्या राजीनामा देते."

"देऊ नकोस."

"मी त्या माणसाचं तोंड पाहू शकत नाही."

"तू राजीनामा माझ्यासाठी देशील," हे म्हणाले, आवाज न चढवता. "मग तुझी गेलेली नोकरी मी सांभाळत बसायची. माझ्यानं होणार नाही. माझी मला पुरेशी आहे."

मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली आणि गेली.

राजीनामा तिनं दिला नाही. रोज जाऊन आपली चार हजार पानं त्या बंद साच्यात भरत राहिली. हातानं लिहिलेलं कोड उचलायचं आणि त्याचं चित्र करून चौकटीत बसवायचं. जुन्या साध्या फायली तिनं कुणाला न विचारता स्वतःकडे ठेवल्या आणि दर शनिवारी यांना पाठवू लागली. हे त्या उघडत नसत. "संच पुढे गेला, फायली मागे राहिल्या," एवढंच मला म्हणाले. ते खरंही होतं. नवं जे काही यायचं ते नव्या पानांतच यायचं, आणि त्याची साधी फाइल बेबीकडेही नसायची.

उरलेल्या किरकोळ कामाला ती नवी पानं लागायचीच. म्हणून यांनी मला विचारलं, "दुकानातून आल्यावर तासभर देशील का?" असंच विचारलं, देशील का. पूर्वी म्हणायचे, ये ग इकडे.

मी शेजारी बसून कोडची चित्रं वाचू लागले. कंस उघडा. एक अवतरण. नाव, सगळं जोडून, मधलं अक्षर मोठं. अवतरण बंद. स्वल्पविराम. डॉक्टरांचं अक्षर मी बावीस वर्षं वाचते आहे, म्हटलं हे काय मोठं. पण एका संध्याकाळी मी अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम सांगितला. हे तो प्रोग्रॅम घेऊन अख्खा दुसरा दिवस झगडले. ओळ न् ओळ पुन्हा ऐकली. दुकानातून आल्यावर मी पान परत पाहिलं तेव्हा माझी चूक सापडली.

"माझंच चुकलं," मी म्हटलं. "शिव्या द्या हवं तर."

"होतं असं," हे म्हणाले. "लहान खूण आहे."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आधीचे हे असते तर मला आंधळी म्हणाले असते आणि स्वतःच हसले असते.

सात महिन्यांनी नवं साधन गेलं. ते जाण्याचं कारण बेबीनं सांगितलं तेव्हा मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. लोकांनी ओरड केली होती. हजारांनी पत्रं आली. चित्रातलं कोड त्यांना उचलता येत नव्हतं. उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवायची सवय. आता बघून बघून टाइप करावं लागत होतं. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी संचच सोडायची धमकी दिली. आठवड्याभरात समिती पुन्हा बसली, अर्ध्या तासात ठरलं, साधा मजकूर.

"यांचं नाव निघालं का तिथे?" मी विचारलं.

"कुणाचंच निघालं नाही. हसरा म्हणाला, आपण वापरणाऱ्यांचं ऐकतो." बेबीनं पोळी उलटली, ती करपली होती. "माझ्याकडे जुन्या फायली आहेत म्हटल्यावर माझं टाळ्या वाजवून कौतुक झालं. दूरदृष्टी, म्हणाले."

आता पानं परत वाचता येतात. हे वाचतात. नवीन कामासाठी चार ठिकाणी अर्ज केले आणि प्रत्येकात पहिल्याच ओळीत लिहिलं की मला दिसत नाही. तीन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. चौथ्यांनी भेटायला बोलावलं, फार आपुलकीनं वागवलं, आणि मग लिहिलं की सध्या जागा नाही. किरकोळ काम तेवढं चालू आहे.

बेबी दर रविवारी येते. दोघं बहीणभाऊ बसतात, आईच्या जुन्या गोष्टी काढतात, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. पानांबद्दल बोलत नाहीत. पण मध्यंतरी मी आतून ऐकलं, हे तिला म्हणत होते की तीनशे बाराव्या पानावरचं उदाहरण चुकीचं आहे. ती म्हणाली, नाही रे. हे म्हणाले, पैज. मग दोघांनी मिळून ते पान लावलं आणि खरंच चुकीचं निघालं. बेबी मोठ्यानं हसली, हेही.

त्या रात्री अंथरुणं घालताना मी धीर करून विचारलं. "तिला माफ केलंत वाटतं."

"केलं."

"बरं झालं."

"तिचं कारण मला कळतं," हे म्हणाले. "तिला पानं वाचवायची होती. माझ्यासाठी वाचवायची होती. चुकली, पण कारण होतं." यांनी उशी सरळ केली. "तू का गप्प बसलीस?"

मी चादरीचं टोक हातात धरून उभी राहिले. या प्रश्नाचं उत्तर मी कित्येक महिने दुकानात गोळ्या मोजताना शोधलं होतं. मला कुणाची पानं वाचवायची नव्हती. मला कशाची भीतीही नव्हती. त्या काचेच्या खोलीत सगळे इतकं गोड बोलत होते, यांचं इतकं कौतुक चाललं होतं, की मध्येच उठून "फोटो काढू नका" म्हणणं मला बरं दिसलं नाही. एवढंच होतं.

"सुचलं नाही," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली.